भिंतीपलीकडे आवाज कसा पोचतो?
इमारतीतल्या रेडिओ बूस्टरची गोष्ट

वाचण्याआधी

वर्गात दोन मिनिटं बोला.
१. तुमच्या फोनची रेंज कुठे कुठे जाते? लिफ्टमध्ये? तळघरात? शाळेच्या जिममध्ये?
२. रेंज गेली की तुम्ही काय करता?
३. आग विझवायला आलेल्या माणसाची रेंज गेली, तर तो काय करेल?

हा बूस्टर कोणासाठी?

लिफ्टमध्ये शिरलं की फोनवरचं बोलणं तुटतं. मॉलच्या खालच्या पार्किंगमध्ये गेलं की नकाशा अडकतो. आपण म्हणतो, "रेंज गेली." मग वर येतो आणि पुन्हा फोन लावतो. आपलं फारसं काही बिघडत नाही.

आता समजा, त्याच पार्किंगमध्ये एका गाडीला आग लागली आहे. धूर इतका आहे की स्वतःचा हात दिसत नाही. अग्निशमन दलाचे दोन जवान पाण्याचा पाइप घेऊन आत गेले आहेत. त्यांचा प्रमुख बाहेर, रस्त्यावर उभा आहे. प्रमुखाला छतातून पडणारे तुकडे दिसतात. तो रेडिओवर ओरडतो, "बाहेर या! लगेच बाहेर या!" पण तळघरात रेडिओचा सिग्नल पोचतच नाही. आतल्या दोघांना काहीच ऐकू येत नाही.

हे टाळण्यासाठी अमेरिकेत मोठ्या इमारतींच्या आत एक खास यंत्रणा बसवतात. तिला साध्या भाषेत रेडिओ बूस्टर म्हणूया. अग्निशमन दल, पोलिस आणि रुग्णवाहिका यांच्या रेडिओचा सिग्नल ती इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवते. तुमच्या मोबाइलसाठी ती नसते. तुम्ही या इमारतीत वर्षानुवर्षं राहिलात, तरी कदाचित तुम्हाला तिचा पत्ताही लागणार नाही. पण संकटाच्या दिवशी तुमचं आणि तुम्हाला वाचवायला आलेल्या माणसाचं आयुष्य तिच्यावर अवलंबून असू शकतं.

या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. ही यंत्रणा कशी बसवतात? आणि ती बसवताना इतकं मोजमाप का करावं लागतं?

सिग्नल अडतो कशामुळे?

रेडिओच्या लहरी दिसत नाहीत, पण त्या प्रकाशाच्याच कुळातल्या आहेत. प्रकाश भिंतीला अडतो. रेडिओच्या लहरी भिंतीतून आरपार जाऊ शकतात, पण जाताना अशक्त होतात. भिंत कशाची आहे, यावर ते ठरतं.

लाकूड आणि प्लास्टरबोर्ड फारसं अडवत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या साध्या लाकडी घरात रेंज बरी असते. काँक्रीट जास्त अडवतं, आणि त्यात लोखंडी सळ्या असतात, त्या आणखी अडवतात. तळघराच्या चारही बाजूंना माती असते. मग तर विचारूच नका.

सगळ्यात मोठी गंमत काचेची आहे. काच पारदर्शक असते, म्हणून आपल्याला वाटतं की तिच्यातून सगळं आत येत असेल. पण नव्या इमारतींमध्ये लो-ई नावाची काच लावतात. तिच्यावर धातूचा फार पातळ थर असतो. हा थर उन्हाळ्यात उष्णता बाहेर ठेवतो आणि थंडीत आत ठेवतो. त्यामुळे विजेचं बिल कमी येतं. पण तोच थर रेडिओच्या लहरींनाही परत पाठवतो. म्हणजे इमारत जितकी नवी आणि वीज वाचवणारी, तितका तिच्यात सिग्नल कमी, असं पुष्कळदा होतं.

न्यूयॉर्क, ११ सप्टेंबर २००१

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २६ फेब्रुवारी १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाला होता. तेव्हा लक्षात आलं की या उंच मनोऱ्यांमध्ये अग्निशमन दलाचे हातातले रेडिओ नीट चालत नाहीत. म्हणून १९९४ मध्ये तिथे एक रिपीटर बसवला. रिपीटर म्हणजे आलेला संदेश पकडून तो पुन्हा मोठ्या ताकदीने पाठवणारं यंत्र. तो बूस्टरचाच भाऊ म्हणा.

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी दोन्ही मनोऱ्यांवर विमानं आदळली. जवान जिने चढू लागले. उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर अधिकाऱ्यांनी रिपीटर चालतो का ते तपासलं. तो चालत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तो वापरला नाही. पुढे चौकशी आयोगाने आपल्या २००४ च्या अहवालात काय घडलं ते सांगितलं. रिपीटरसाठी दोन बटणं दाबायची होती. एक दाबलं गेलं होतं. मुख्य हँडसेट सुरू करणारं दुसरं दाबलं गेलं नव्हतं. यंत्र बिघडलेलं नव्हतंच. शेजारच्या दक्षिण मनोऱ्यात तोच रिपीटर वापरला गेला. तिथून एक बटालियन चीफ ७८ व्या मजल्यापर्यंत चढले आणि वरून रेडिओवर बोलत राहिले.

सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी कोसळला. मधली २९ मिनिटं उत्तर मनोऱ्यातल्या जवानांना बाहेर येण्याचे आदेश दिले जात होते. काहींना ते ऐकू आले, काहींना आले नाहीत. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रेडिओ हे एकच कारण नव्हतं. काही जवान सुट्टीवर असतानाही धावून आले होते आणि त्यांच्याकडे रेडिओच नव्हता. एकाच चॅनलवर खूप जण एकदम बोलत होते. काहींनी आदेश ऐकला, पण लोकांना मदत करायला ते थांबले. तरीही अमेरिकेने त्या दिवसातून एक धडा घेतला. इमारतीत यंत्र असणं पुरेसं नाही. ते चालू आहे, ऐकू येतंय, हे मोजून खात्री केलेली असली पाहिजे.

लंडन, जमिनीखाली

असाच धडा लंडननेही घेतला. १९८७ मध्ये तिथल्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्टेशनात आग लागली आणि ३१ जण गेले. चौकशीनंतर जमिनीखालचा रेडिओ सुधारा, असं सांगितलं गेलं. पण ७ जुलै २००५ रोजी भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रेल्वे पोलिस सोडले तर इतरांचे रेडिओ खाली चालत नव्हते. निरोप घेऊन माणसांना जिन्यांवरून वर-खाली पळावं लागलं. त्यानंतर भुयारांमध्ये सगळ्या सेवांसाठी रेडिओची सोय केली गेली.

भुयारात साधी अँटेना फारशी उपयोगी पडत नाही. तिथे एक खास केबल लावतात. तिच्या आवरणाला जागोजागी फटी असतात आणि त्यातून थोडा थोडा सिग्नल झिरपतो. महाराष्ट्रात द्राक्षाच्या आणि केळीच्या बागेत ठिबक सिंचनाची नळी तुम्ही पाहिली असेल. ती प्रत्येक झाडाजवळ थोडं थोडं पाणी सोडते. ही केबल तसाच सिग्नल सोडते.

यंत्रणेत काय काय असतं?

आता पुन्हा अमेरिकेतल्या आपल्या इमारतीत या. बूस्टरच्या यंत्रणेचे चार मुख्य भाग असतात.

पहिला भाग छतावरची अँटेना. आजीच्या गावी पूर्वी घराच्या कौलांवर दूरदर्शनसाठी माशाच्या काट्यासारखी अँटेना असायची. ही तिचीच बहीण. तिचं नाव यागी अँटेना. १९२६ च्या सुमारास जपानमधले शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती जगापुढे आणली. ती एकाच दिशेला 'कान' लावून बसते. म्हणून तिचं तोंड शहराच्या रेडिओ टॉवरकडे करावं लागतं.

दुसरा भाग बूस्टर. ही एक पेटी असते, पुष्कळदा लाल रंगाची. आत दोन रस्ते असतात. एक टॉवरकडून जवानाकडे येणारा आणि दुसरा जवानाकडून टॉवरकडे जाणारा. दोन्ही रस्त्यांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. उदाहरणार्थ, अमेरिकेत ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन रस्त्यांमध्ये ४५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं.

तिसरा भाग केबल आणि वाटणी करणारे स्प्लिटर. नळाच्या मुख्य पाइपमधून जशा प्रत्येक मजल्यासाठी शाखा काढतात, तशाच सिग्नलच्याही शाखा काढतात.

चौथा भाग आतल्या छोट्या अँटेना. छताला पांढरी वाटी उपडी लावल्यासारख्या त्या दिसतात.

पायरी १: आधी मोजा

काम सुरू होतं ते मोजण्यापासून. प्रत्येक मजल्याचा नकाशा घेतात आणि त्याचे साधारण सारखे २० चौकोन पाडतात. मग एक माणूस रेडिओ आणि मीटर घेऊन प्रत्येक चौकोनात जाऊन उभा राहतो. सिग्नल किती आहे ते तो लिहून घेतो. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी चालणाऱ्या अग्नी नियमावलीप्रमाणे प्रत्येक मजल्याच्या ९५ टक्के भागात सिग्नल हवा. म्हणजे २० पैकी निदान १९ चौकोन पास व्हायला हवेत. जिने, पाण्याच्या पंपाची खोली आणि आग लागल्यावर प्रमुख जिथे उभा राहतो ती खोली, इथे तर सिग्नल हवाच हवा.

इमारत अशीच पास झाली, तर बूस्टर लावायचाच नाही! कारण नको तिथे बूस्टर लावला, तर त्याने त्रासच होतो. तो कसा, ते पुढे येईल.

थोडं गणित: डेसिबल

सिग्नल किती आहे हे डीबीएम या मापात सांगतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलीवॉट, म्हणजे एका वॉटचा हजारावा भाग. रेडिओवर येणारा सिग्नल त्याहून खूप लहान असतो, म्हणून आकडा उणे येतो.

थंडीतलं तापमान आठवा. उणे २० पेक्षा उणे ५ बरं, हो ना? इथेही तसंच आहे. उणे ९५ पेक्षा उणे ६० चांगला. पुष्कळ नियमांत उणे ९५ ही किमान पातळी धरतात. उणे ९५ डीबीएम म्हणजे किती? एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा! एवढ्याशा सिग्नलवरही रेडिओ बोलणं ऐकू शकतो.

कमी-जास्त होणं डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल वाढले म्हणजे ताकद दुप्पट झाली. १० वाढले म्हणजे दहापट. २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. डेसिबलची मजा अशी की गुणाकार करावा लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. किराणा दुकानाचा हिशेब करतो तसा हा हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.

छतावर आलेला सिग्नल: उणे ६५
छतावरच्या अँटेनाने वाढवले: १० (झाले उणे ५५)
खाली येणाऱ्या केबलमध्ये गेले: ३ (झाले उणे ५८)
बूस्टरने वाढवले: ७० (झाले अधिक १२)
चार शाखांमध्ये वाटणी, गेले: ६ (उरले अधिक ६)
पुढच्या केबलमध्ये गेले: ५ (उरला अधिक १)
हवेत आणि भिंतींमध्ये गेले: ७५ (उरले उणे ७४)

जवानाच्या रेडिओपाशी उणे ७४ पोचले. आपल्याला उणे ९५ हवे होते. म्हणजे २१ डेसिबल जास्त, शंभरपटीहून जास्त ताकद! हा मजला पास.

पण हा झाला अर्धाच हिशेब. जवानाचा आवाजही टॉवरपर्यंत परत जायला हवा. टॉवरची ताकद मोठी असते, पण जवानाच्या हातातला रेडिओ साधारण ३ ते ५ वॉटचाच असतो. म्हणून उलट्या रस्त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. "मी अडकलोय" हे वाक्य त्याच रस्त्याने जाणार असतं.

पायरी २: परवानगी

आकाशातल्या फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीच्या नसतात, पण त्या वापरायचा परवाना असतो. अमेरिकेत हा परवाना एफसीसी ही सरकारी संस्था देते. शहराच्या अग्निशमन दलाच्या फ्रिक्वेन्सीचा परवाना शहराकडे किंवा काउंटीकडे असतो. त्यामुळे इमारतीच्या मालकाने पैसे भरले आणि यंत्र विकत आणलं, तरी त्याला ते आपल्या मनाने सुरू करता येत नाही. परवाना ज्याच्याकडे आहे, त्याची लेखी संमती लागते. काही प्रकारच्या बूस्टरची नोंद एफसीसीकडेही करावी लागते. काम करणाऱ्या मुख्य माणसाकडे एफसीसीचा ऑपरेटर परवाना आणि त्या यंत्राचं प्रशिक्षण, दोन्ही लागतं.

"माझ्याच इमारतीत मशीन लावायला मी शहराला का विचारू?" असं कोणाला वाटेल. त्याचं उत्तर पुढच्या भागात आहे.

वाईट बूस्टर सगळ्या गावाला त्रास देतो

तुमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव आठवा. कोणीतरी माईक घेऊन स्पीकरच्या समोर जातं आणि एकदम कर्कश 'कुईंऽऽऽ' असा आवाज येतो. सगळे कान झाकतात. काय होतं तिथे? स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. हे चक्र थांबतच नाही. मग कोणाचंच भाषण ऐकू येत नाही.

बूस्टरचंही असंच होऊ शकतं. आतल्या अँटेनाचा सिग्नल छतावरच्या अँटेनापर्यंत पोचला, तर बूस्टर स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मोठा करत बसतो. फरक एवढाच की हा 'कुईं' आपल्याला ऐकू येत नाही. तो थेट शहराच्या टॉवरकडे जातो. मग त्या टॉवरवर बोलणाऱ्या सगळ्यांना अडथळा येतो. तीन मैलांवर दुसऱ्या आगीशी झुंजणाऱ्या जवानाचा आवाजही त्यात बुडू शकतो.

म्हणून दोन्ही अँटेना एकमेकींपासून पुरेशा 'लपलेल्या' असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी नियम असा आहे: बूस्टर जितके डेसिबल वाढवतो, त्याहून निदान २० डेसिबल जास्त अडथळा दोन्ही अँटेनांच्या मध्ये हवा. आपल्या उदाहरणात बूस्टर ७० वाढवत होता. म्हणजे मधला अडथळा निदान ९० डेसिबलचा हवा. काँक्रीटचा जाड स्लॅब इथे कामाला येतो. आधी ज्या काँक्रीटला आपण नावं ठेवली, तेच आता मदत करतं.

आणखी एक त्रास आहे. प्रत्येक यंत्र थोडी खरखर करतंच. बूस्टर ती खरखरही मोठी करून टॉवरकडे पाठवतो. बूस्टर गरजेपेक्षा जास्त मोठा केला, तर ही खरखर टॉवरवर पसरते आणि लांबून येणारे अशक्त आवाज त्यात हरवतात. म्हणून चांगला तंत्रज्ञ आवाज पूर्ण वाढवून ठेवत नाही. तो लागेल तेवढाच वाढवतो. जेवताना मीठ घालतो ना, तसंच.

पायरी ३: बसवणं

छतावर अँटेनाचा खांब घट्ट बसवतात आणि त्याला अर्थिंग करतात. केबल इमारतीत शिरते तिथे विजेपासून वाचवणारा अरेस्टर लावतात. वीज पडली, तर ती केबलमधून आत न येता जमिनीत जावी म्हणून.

मजल्यामजल्यांमधून जाणारी मुख्य केबल आगीत टिकली पाहिजे. विचार करा, आग लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत केबलच वितळली, तर बूस्टर काय कामाचा? म्हणून ती आग सहन करणाऱ्या भिंतींच्या शाफ्टमधून नेतात. केबलसाठी भिंतीत भोक पाडलं, तर ते आग रोखणाऱ्या लेपाने पुन्हा बंद करतात. नाहीतर त्याच भोकातून धूर वरच्या मजल्यावर जाईल.

बूस्टरची पेटी पाणी आत न जाणारी असते. आगीच्या वेळी छताच्या स्प्रिंकलरमधून पाणी पडतं, आणि तेव्हाच तर बूस्टर लागतो! पेटीशेजारी बॅटरी असते. वीज गेली तरी यंत्रणा निदान १२ तास चालली पाहिजे, असा नवा नियम आहे. काही शहरं २४ तास मागतात.

सगळ्यात शेवटी ही यंत्रणा इमारतीच्या फायर अलार्म पॅनेलला जोडतात. वीज गेली, बॅटरी उतरली, चार्जर बिघडला, अँटेना तुटली किंवा बूस्टर बंद पडला, तर पॅनेलवर दिवा लागतो. म्हणजे बिघाड आगीच्या दिवशी कळत नाही, आदल्या मंगळवारीच कळतो.

पायरी ४: पुन्हा मोजा, आणि दरवर्षी मोजा

यंत्रणा सुरू केली की तेच २० चौकोन पुन्हा चालून मोजतात. आता नुसते आकडे पुरत नाहीत. दोन माणसं रेडिओवर बोलून पाहतात आणि बोलणं किती स्पष्ट आहे याला १ ते ५ मध्ये गुण देतात. ३ गुण म्हणजे थोडं लक्ष देऊन ऐकलं की कळतं, क्वचित "पुन्हा सांगा" म्हणावं लागतं. नव्या नियमांत निदान ३ गुण हवेत. शहराचा फायर मार्शल हे पाहतो आणि मगच मंजुरी देतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. दरवर्षी ही तपासणी पुन्हा करावी लागते. का? कारण इमारत तशीच राहत नाही. कोणी खिडक्यांना लो-ई काच बसवतं. कोणी नवी भिंत घालतं. छतावर दुरुस्ती करणाऱ्याचा धक्का लागून अँटेनाचं तोंड दुसरीकडे वळतं. समोर नवा टॉवर उभा राहतो. गेल्या वर्षीचा 'पास' या वर्षी खोटा ठरू शकतो.

घरातला मोबाइल बूस्टर

आपल्या फोनसाठीही छोटे बूस्टर दुकानात मिळतात. काम करण्याची पद्धत साधारण तीच, पण हा वेगळा प्रकार आहे. अमेरिकेत एफसीसीची मान्यता असलेलाच घ्यावा लागतो आणि आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करावी लागते. तुम्ही दुसऱ्या देशात राहत असाल, तर तिथले नियम वेगळे असतील. आईबाबांबरोबर ते शोधून पाहा.

आणि एक महत्त्वाचं. आजीआजोबांच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रेंज येत नाही, म्हणून अमेरिकेतून बूस्टर भेट म्हणून नेऊ नका! भारतात खाजगी माणसाने परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे. शिवाय दोन्ही देशांत मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीही बऱ्याच वेगळ्या आहेत. आजोबांच्या घरी वायफाय असेल, तर त्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून द्या. ते फुकट आहे आणि शेजाऱ्यांना त्रासही नाही.

शेवटी

पुढच्या वेळी ग्रंथालयात, दवाखान्यात किंवा शाळेत गेलात की वर पाहा. पांढऱ्या उपड्या वाट्या दिसतात का? काही वायफायच्या असतील, काही मोबाइलच्या, काही कदाचित या बूस्टरच्या. पार्किंगजवळच्या खोलीत लाल पेटी दिसली, तर हात लावू नका. पण इमारतीच्या व्यवस्थापकाला एक प्रश्न जरूर विचारा: "काका, याची तपासणी शेवटची कधी झाली?" उत्तर लगेच आलं, तर समजा की कोणीतरी आपलं काम नीट करतंय.

नवे शब्द

जवान: इथे, अग्निशमन दलात काम करणारा माणूस
तळघर: जमिनीच्या पातळीखालचा मजला
सळई (अनेक: सळ्या): काँक्रीटमध्ये घालतात तो लोखंडी गज
झिरपणे: थोडं थोडं करून बाहेर येणे
खरखर: रेडिओत बोलण्याच्या मागे ऐकू येणारा नको असलेला आवाज
नावं ठेवणे: एखाद्याला वाईट म्हणणे
आदल्या दिवशी: त्याच्या आधीच्या दिवशी

समजलं का?

१. लो-ई काचेचा फायदा कोणता? तोटा कोणता?
२. वर्ल्ड ट्रेड सेंटरमधला रिपीटर बिघडला नव्हता. तरी उत्तर मनोऱ्यात तो का वापरला गेला नाही?
३. गणेशोत्सवातला माईक आणि वाईट बूस्टर यांच्यात काय सारखं आहे? तुमच्या शब्दांत तीन वाक्यं लिहा.
४. हिशेब करा: बूस्टरमधून अधिक १२ निघाले. आठ शाखांच्या वाटणीत ९ गेले, केबलमध्ये ८ गेले, हवेत आणि भिंतींमध्ये ९२ गेले. किती उरले? हा मजला पास होईल का? नापास झाला तर तुम्ही काय बदलाल?
५. घरी आईबाबांना किंवा आजीआजोबांना फोनवर मराठीत समजावून सांगा: दरवर्षी तपासणी का करावी लागते? "कारण", "म्हणून" आणि "नाहीतर" हे तीन शब्द वापरा.